वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळा-कॉलेजांत जून-जुलैपासून स्पर्धांची पत्रकं सूचनाफलकावर लागायला लागतात आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. क्रमानं वाचायला हवीत असं नाही. उद्याच स्पर्धा असेल तर वेळ, माइक आणि विसरण्याबद्दलचे प्रश्न आधी वाचा.

वक्तृत्व, वादविवाद, आयत्या वेळचं भाषण, संसदीय वाद… यांत नेमका फरक काय?

वक्तृत्व स्पर्धेत विषय काही दिवस आधी जाहीर होतो, वक्ता एकटा असतो आणि वेळ बहुधा पाच ते सात मिनिटं असते. समोर परीक्षक असतात, प्रतिपक्ष नसतो. वादविवाद स्पर्धेत साधारणपणे दोघांचा संघ येतो, एक अनुकूल बाजूनं बोलतो आणि दुसरा प्रतिकूल. फिरता करंडक संघाच्या गुणांवर जातो, त्यामुळे एकानं मैदान मारून दुसऱ्यानं पाट्या टाकल्या तर उपयोग होत नाही. आयत्या वेळच्या भाषणात चिठ्ठी उचलायची, दोन-पाच मिनिटं विचार करायचा आणि दोन-तीन मिनिटं बोलायचं.

संसदीय वादाचे दोन प्रकार इथल्या कॉलेजांत जास्त चालतात. आशियाई पद्धतीत तीन विरुद्ध तीन वक्ते असतात, प्रत्येकाला सात मिनिटं, शेवटी दोन्ही बाजूंना चार-चार मिनिटांचं समारोपाचं उत्तर आणि तयारीला अर्धा तास. ब्रिटिश पद्धतीत दोघा-दोघांचे चार संघ, सात मिनिटं आणि तयारीला फक्त पंधरा मिनिटं. स्थानिक स्पर्धा यात फेरफार करतात. पत्रकाची मागची बाजू न वाचताच स्पर्धेला येणारे आणि वेळेचे गुण घालवणारे विद्यार्थी दर वर्षी असतात.

विषय हाती आला की पहिलं काम कोणतं?

गूगल उघडणं हे पहिलं काम नाही. विषय कागदावर लिहा आणि वाद कोणत्या शब्दावर उभा आहे तो शब्द शोधा.

पुण्यातलाच सगळ्यात गाजलेला वाद घ्या: आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक? आगरकरांना स्वातंत्र्य नको नव्हतं आणि टिळकांना सगळ्याच सुधारणा नकोशा होत्या असंही नाही. भांडण होतं ते ‘आधी’ या दोन अक्षरांचं. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केलं, तेही याच मतभेदांतून. आज या विषयावर बोलणारा विद्यार्थी ‘सामाजिक सुधारणा किती महत्त्वाची’ हे पाच मिनिटं सांगतो आणि खाली बसतो. प्रतिपक्षानंही ते अमान्य केलेलं नसतं. ‘आधी का’ याचं उत्तर राहूनच जातं.

म्हणून शब्द सापडला की तीन प्रश्न विचारा. हे कोणी करायचं? कोणासाठी? आणि आत्ता जे चालू आहे त्यापेक्षा काय बदलेल? ‘पीएमपीची (म्हणजे पुण्यातल्या शहर बससेवेची) बस मोफत असावी’ हा विषय असेल तर: पैसे कोण देणार (आजही तूट मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून काढतात), सगळ्यांना मोफत की फक्त विद्यार्थ्यांना, आणि तिकीट गेल्यानं बसमधली गर्दी वाढेल की रस्त्यावरच्या दुचाकी कमी होतील? या तिन्हींची एकेका ओळीत उत्तरं लिहिता आली नाहीत तर भाषण लिहायला बसू नका.

व्याख्या करताना मात्र लबाडी नको. ‘मोफत म्हणजे आम्ही पाच रुपये तिकीट असं मानतो’ असली व्याख्या परीक्षक पहिल्या मिनिटातच पकडतात.

मुद्दा आणि मत यांत फरक कसा ओळखायचा? मुद्दा बांधायचा कसा?

आपल्याकडच्या न्यायशास्त्रानं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रानं, हे काम कधीच करून ठेवलं आहे. अनुमान दुसऱ्याला पटवायचं तर पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पाठ्यपुस्तकी नमुना प्रसिद्ध आहे. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो; जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात; या डोंगरावरही तसाच धूर आहे; म्हणून तिथं आग आहे.

हेच बसवर चालवून बघा.

प्रतिज्ञा: पुण्यात विद्यार्थ्यांना बस मोफत असावी.
हेतू: कारण जाण्यायेण्याचा खर्च शिक्षणाच्या आड येतो.
उदाहरण: जिथं प्रवासाचा अडथळा काढला तिथं शाळेची वाट मोकळी होते, ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा प्रवास मोफत केला तो याच विचारानं.
उपनय: वाघोलीहून किंवा खडकवासल्याहून रोज दोन बस बदलून शहरात येणाऱ्या मुलाची अडचण त्याच जातीची आहे.
निगमन: म्हणून इथंही तोच उपाय लागू व्हावा.

मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती चौथ्या पायरीला. उदाहरण देतात आणि थेट निष्कर्षावर उडी मारतात. ते उदाहरण आपल्या प्रसंगाला का लागू पडतं, हे सांगायचं राहतं. चांगला प्रतिपक्ष नेमका तिथंच हात घालतो: ‘खेड्यात शाळा लांब होती, दुसरा पर्याय नव्हता. पुण्यात सवलतीचा पास आहे, सायकल आहे. तुलना लागूच होत नाही.’ याला उत्तर तयार नसेल तर तो मुद्दा गेला म्हणून समजा. लक्झेंबर्गनं २०२० मध्ये देशभरातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली हे उदाहरण ऐकायला भारदस्त वाटतं, पण उपनयाच्या पायरीवर ते फार लंगडतं. छोटा, श्रीमंत देश. पुण्याशी साम्य काय दाखवणार? त्यापेक्षा एस्टोनियातल्या टॅलिन शहराचं उदाहरण प्रतिकूल बाजूला जास्त उपयोगी आहे. तिथं २०१३ पासून रहिवाशांना प्रवास मोफत आहे आणि बसमध्ये आलेले नवे प्रवासी बरेचसे आधी पायी चालणारे होते, असं तिथल्या अभ्यासात दिसलं.

पाच मिनिटांत किती मुद्दे बसतात? किती शब्द लिहायचे?

दोन. तिसरा मुद्दा घुसवला की तिन्ही अर्धे राहतात.

मराठीत स्पष्ट बोलणारा वक्ता मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलतो. तुमचा वेग मोजायचा तर वर्तमानपत्रातला अग्रलेख एक मिनिट मोठ्यानं वाचा आणि शब्द मोजा. पाच मिनिटांच्या भाषणाची संहिता ५०० शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. व्यासपीठावर थांबे वाढतात, टाळ्या येतात.

वेळेची एक वाटणी चालते ती अशी: सुरुवात ३० सेकंद, पहिला मुद्दा ९०, दुसरा ८०, प्रतिपक्षाच्या आक्षेपाला ६० आणि शेवट २५. उरलेले १५ सेकंद मोकळे ठेवा. इशाऱ्याची घंटा बहुतेक ठिकाणी शेवटच्या मिनिटाच्या सुरुवातीला होते. ती ऐकू आली तेव्हा दुसरा मुद्दा संपत आलेला नसेल तर आक्षेपाचा भाग निम्मा करा, शेवट कापू नका. घाईघाईनं उरकलेला शेवट परीक्षकांच्या कानात राहतो, कारण गुण ते त्यानंतर लगेच लिहितात.

‘सन्माननीय परीक्षक, व्यासपीठावरील मान्यवर…’ हे सगळं म्हणायलाच हवं का?

एक वाक्य पुरे. मान्यवरांची यादी वाचण्यात वीस सेकंद जातात आणि ती सगळ्यांनी आधीच ऐकलेली असते.

चारोळी, श्लोक किंवा सुविचारानं सुरुवात केली तर छाप पडते ना?

पहिल्या स्पर्धकाची पडते. नवव्या स्पर्धकानं तेच केलं की परीक्षक पेन खाली ठेवून पाणी पितात. सुरुवात अशी करा की विषयातला ताण तीस सेकंदांत उभा राहील: एक ठोस दृश्य, एक आकडा किंवा एक अडचणीचा प्रश्न. ‘सकाळी आठ वाजता स्वारगेटला उभं राहा आणि एका बसच्या दारात किती जण लटकतात ते मोजा’ या वाक्यानं बसचा विषय सुरू होतो. ‘प्रवास हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग आहे’ यानं सुरू होत नाही.

कविता वापरायचीच असेल तर ती मुद्द्याचं काम करत असेल तरच. आणि कवीचं नाव बरोबर हवं. व्हॉट्सॲपवर कुसुमाग्रजांच्या नावानं फिरणाऱ्या ओळींतल्या बऱ्याच त्यांच्या नसतात.

भाषण पाठ करावं की नाही?

इथं आमचं मत ठाम आहे: शब्द पाठ करू नका, क्रम पाठ करा. पाठांतर ही पुण्याच्या वक्तृत्वाची जुनी खोड आहे. शाळेत ते खपतं, कारण दहा वर्षांच्या मुलाकडून स्मरणशक्तीचीच अपेक्षा असते. कॉलेजात परीक्षक विचार करणारा माणूस शोधत असतात आणि पाठ केलेलं भाषण तीन ठिकाणी उघडं पडतं: डोळे छताकडे जातात, प्रत्येक वाक्याचा सूर एकसारखा शेवटी वर चढतो, आणि आधीच्या वक्त्यानं तुमचाच मुद्दा मांडून संपवला तरी तुम्ही तो नवा असल्यासारखा पुन्हा मांडता.

सुरुवातीची तीन वाक्यं आणि शेवटची दोन मात्र शब्दशः तयार ठेवा. मधल्या भागासाठी तळहाताएवढ्या कार्डावर सहा-सात शब्द. सराव करताना तोच मुद्दा दर वेळी वेगळ्या शब्दांत मांडा. पाचव्या वेळेपर्यंत नेमकी वाक्यं आपोआप सापडतात, आणि ती कागदावर लिहिलेल्यांपेक्षा जवळजवळ नेहमीच छोटी असतात.

लिहिलेलं भाषण बोलताना कृत्रिम का वाटतं?

कारण ते डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं. ‘असे म्हटले जाते की’ हे लिहिण्याचं मराठी. बोलताना ‘असं म्हणतात’. संहितेतच ‘केलं’, ‘झालं’, ‘त्यांचं’ असं लिहा, म्हणजे जिभेला दोन भाषांत कसरत करावी लागत नाही.

दुसरं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. ‘मोफत सेवा दिली की लोकांना तिची किंमत राहत नाही, बस घाण होतात, चालक बेफिकीर होतात, असं मला वाटत नाही’ या वाक्यात श्रोता पंधरा शब्द उलटंच ऐकतो. खंडन करताना तर हे घातकच, कारण प्रतिपक्षाचा मुद्दा तुमच्याच तोंडून ठसतो. नकार पुढं आणा: ‘मला हे पटत नाही. मोफत मिळालं की किंमत राहत नाही, म्हणे! मग महापालिकेच्या बागांत सकाळी एवढी माणसं कशी?’ वाक्य बारा-पंधरा शब्दांच्या आत ठेवलं की अर्धी अडचण सुटते.

खंडन कसं करायचं? समोरचा बोलत असताना मला काहीच सुचत नाही.

सुचत नाही, कारण तुम्ही त्या वेळी स्वतःचं भाषण मनात घोळवत असता. वादविवादातलं निम्मं काम कानाचं आहे, आणि स्पर्धेच्या तयारीत त्याला कोणी वेळच देत नाही.

वहीचं पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे समोरच्याचा प्रत्येक मुद्दा चार-पाच शब्दांत, त्याच्याच शब्दांत लिहा. उजवीकडे त्याच्यासमोर तुमचं उत्तर, दुसऱ्या रंगाच्या पेनानं. उजवी बाजू रिकामी राहिलेला जो मुद्दा आहे, तोच धोक्याचा. मुलं सोप्या मुद्द्यांना तीन-तीन उत्तरं देतात आणि अवघड मुद्द्याकडे काणाडोळा करतात. परीक्षकांच्या वहीतही तशाच दोन बाजू असतात, विसरू नका.

उत्तर चार वाक्यांत बसतं. ते काय म्हणाले. त्यामागं त्यांनी काय गृहीत धरलं. ते का टिकत नाही. त्यामुळे आजच्या विषयात काय बदलतं. चौथं वाक्य राहिलं की खंडन नुसती खोड काढल्यासारखं ऐकू येतं.

वार करायला जागा तीन: मुद्दा खोटा आहे, मुद्दा खरा पण इथं लागू नाही, मुद्दा लागू आहे पण दुसऱ्या गोष्टीपुढं लहान आहे. नवखे सगळं ‘खोटं आहे’ म्हणत सुटतात. तिसरी जागा सगळ्यात प्रामाणिक आणि बहुधा सगळ्यात परिणामकारक असते. ‘घटकाभर तुमचं म्हणणं मान्य करू, तरीही…’ ही खेळी नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, ‘अभ्युपगम सिद्धांता’ची आहे. ती जमली की वक्ता एकदम मोठा वाटायला लागतो.

समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षाही चांगल्या शब्दांत मांडून मग खोडा. बुजगावणं उभं करून त्याला झोडपणाऱ्याला टाळ्या मिळतात, गुण मिळत नाहीत.

समोरच्याच्या युक्तिवादातली खोट पटकन ओळखण्याची काही युक्ती आहे?

हेत्वाभासांची, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या पण खोट्या कारणांची, यादी पाठ ठेवा. नावं जड वाटतात, पण रोजची उदाहरणं लावली की सोपी होतात.

सव्यभिचार म्हणजे हेतू दोन्हीकडे सापडतो. ‘नापास झालेली मुलं मोबाइल वापरत होती.’ पहिली आलेलीही वापरत होती. विरुद्ध म्हणजे हेतू उलटीच गोष्ट सिद्ध करतो. पुण्यातलं लाडकं उदाहरण: ‘रस्त्यात एवढे खड्डे, मग हेल्मेटसक्ती कशाला?’ अहो, खड्डे आहेत म्हणूनच तर! (हेल्मेटची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये आहे, हा मुद्दा मांडताना कलम सांगा, वजन येतं.) साध्यसम म्हणजे जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून पुढं करणं: ‘मातृभाषेतलं शिक्षण उत्तम, कारण परक्या भाषेतलं तितकं चांगलं नसतं.’ सत्प्रतिपक्ष म्हणजे तितक्याच ताकदीचा उलटा हेतूही उपलब्ध असणं. आणि बाधित म्हणजे साधं वास्तवच विरोधात जाणं.

‘छल’ हा वेगळा प्रकार. ‘नवकंबल’ म्हणजे नवं कांबळं असलेला. ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठं आहेत?’ असं विचारणं हा जुन्या ग्रंथांतला नमुना. शब्दाचा दुसरा अर्थ पकडून केलेली कोटी हशा मिळवते. एकदा ठीक. दुसऱ्यांदा केली की तुमच्याकडे उत्तर नाही हे सगळ्यांना कळतं.

‘वितंडवाद’ हा शब्द शिवीसारखा का वापरतात?

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी केला तो वाद. जिंकण्यासाठी, छलाचाही आधार घेऊन केला तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता फक्त समोरच्याचं पाडत राहणं ती वितंडा. स्पर्धा ही थोडी जल्पाच्या अंगानं जाणार हे मान्य करू. पण प्रतिकूल बाजू मिळाली म्हणून नुसतं ‘हे चालणार नाही’ म्हणत बसणं ही वितंडाच. ‘मोफत बस नको’ म्हणणाऱ्यानं ‘त्याच पैशात बसची संख्या वाढवा’ असं काही तरी स्वतःचं मांडलंच पाहिजे.

मनाला न पटणारी बाजू वाट्याला आली तर?

त्या बाजूनं विचार करणारा शहाणा माणूस डोळ्यांपुढं आणा. शहाणा हं, मूर्ख नव्हे. त्याला कशाची काळजी वाटते हे लिहून काढा आणि तिथून सुरुवात करा. ज्या बाजूची चीड येते तिच्यावर बोलणारे विद्यार्थी बऱ्याचदा जास्त चांगलं बोलतात, कारण त्यांना समोरचे आक्षेप आधीच ठाऊक असतात. व्यासपीठावर ‘माझं वैयक्तिक मत वेगळं आहे, पण…’ असं मात्र म्हणू नका.

संसदीय वादात मध्येच उठून प्रश्न विचारतात. घ्यावेत का?

पहिलं आणि शेवटचं मिनिट सुरक्षित असतं, मधल्या वेळात प्रतिपक्ष उठू शकतो. सात मिनिटांत एक-दोन प्रश्न घ्या. एकही न घेणारा घाबरलेला दिसतो. वाक्य अर्धवट सोडून कधीच घेऊ नका, मुद्दा पूर्ण झाल्यावर ‘बोला’ म्हणा. विचारणाऱ्यानं पंधरा सेकंदांत एकच टोकदार प्रश्न विचारायचा असतो, भाषण करायचं नसतं. उत्तर दोन वाक्यांत द्या आणि पुन्हा आपल्या रुळावर या.

आकडेवारी किती आणि कशी वापरावी?

एका मुद्द्याला एक आकडा. प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी माहीत हव्यात: तो कोणी गोळा केला, कधीचा आणि कोणाबद्दलचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची आहे, हे न सांगता ‘आज’ म्हणून आकडा फेकला तर प्रतिपक्षाला आयतं कोलीत मिळतं. २०११ च्या जनगणनेचा आकडा वापरत असाल तर तो जुना आहे हे तुम्हीच आधी सांगून टाका.

वीस टक्क्यांवरून तीस टक्के झालं तर वाढ दहा अंकांची आहे, पण मूळच्या तुलनेत ती पन्नास टक्के आहे. दोन्ही बरोबर. समोरचा कोणती सांगतोय ते पाहा.

आणि ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार करा. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सभागृहाच्या शेवटच्या रांगेत सारखेच ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. वाद असो, पण कानाची अडचण खरी आहे. ‘जवळपास साठ’ म्हणा, किंवा ‘दहातले सहा’.

माझी बोली पुण्याची नाही. गुण कापले जातात का?

गुणपत्रिकेत ‘भाषा’ असा रकाना असतो आणि काही परीक्षक तो ‘सदाशिव पेठ’ असा वाचतात, हे खोटं नाही. ते चूक आहे. वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचं मराठी अशुद्ध नसतं, आणि स्वतःच्या लयीत बोलणारा विद्यार्थी उसन्या पुणेरी लयीत बोलणाऱ्यापेक्षा जास्त पटतो. सूर बदलू नका. फक्त जिथं अर्थ बदलतो तिथं उच्चार तपासा.

चार हा आकडा आणि गुरांचा चारा, यांतला ‘च’ वेगळा. जग म्हणजे दुनिया आणि पाण्याचा जग, यांतला ‘ज’ वेगळा. ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’ यांच्या जोड्या रोज पाच मिनिटं मोठ्यानं म्हणा. जोडाक्षरं गिळली जातात ती वेगामुळे: ‘स्वातंत्र्य’मधला ‘र्य’ ऐकू येतो का, हे फोनवर रेकॉर्ड करून तपासा.

तिसऱ्या मिनिटाला आवाज बसतो किंवा चिरका होतो.

श्वास छातीत वरवर घेतला की गळ्यावर ताण येतो. उताणे झोपा, पोटावर जाडसं पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे. चार मोजत श्वास घ्या आणि ‘स्स्स’ करत सावकाश सोडा. सुरुवातीला पंधरा सेकंद, हळूहळू तीस. स्पर्धेच्या आधी दोन मिनिटं ओठ मिटून ‘म्म्म’ गुणगुणा. पाणी साधं, घोट-घोट. आवाज बसलेला असताना कुजबुजत बोलू नका, त्यानंही ताण पडतो. गप्प बसणं बरं. गणपतीत घसा फाटेस्तोवर ओरडून दुसऱ्या आठवड्यात स्पर्धेला येणाऱ्यांनी यावर उपाय विचारू नये. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

माइकवर ‘फट्फट्’ आवाज येतो, कधी शिट्टी वाजते.

तोंड आणि माइक यांत एक वीतभर अंतर ठेवा आणि माइक हनुवटीच्या किंचित खाली, थोडा तिरका. ‘प, फ, ब, भ’ म्हणताना हवेचा झोत थेट आदळला की तो फट् आवाज येतो. शिट्टी वाजते ती स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरल्यामुळे. माइक हातात घेऊन स्पीकरच्या पुढं जाऊ नका. टकटक करून, फुंकर मारून तपासू नका. आवाज घुमणाऱ्या सभागृहात वेग कमी करा, आवाज वाढवू नका.

हात कुठं ठेवायचे? नजर कुठं?

हात कमरेच्या वर, मोकळे. सांगण्यासारखं असेल तेव्हा ते आपोआप हलतात. ‘आकाश’ म्हणताना वर आणि ‘हृदय’ म्हणताना छातीवर हात नेणारे हावभाव चौथीतच सोडून यायचे असतात. नजर एका माणसावर एक पूर्ण वाक्य, मग दुसऱ्यावर. सगळा वेळ परीक्षकांकडेच पाहिलं तर त्यांनाही अवघडल्यासारखं होतं.

मध्येच सगळं विसरलं तर?

शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हणा. श्रोत्यांना तो भर दिल्यासारखा वाटतो आणि तुम्हाला चार सेकंद मिळतात. तरीही नाही आठवलं तर ‘थोडक्यात’ म्हणून आतापर्यंतचा मुद्दा एका वाक्यात सांगा आणि पुढच्या मुद्द्यावर जा. काय गाळलं ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं. ‘सॉरी’ म्हणालात तरच कळतं. छातीतली धडधड आणि कोरडं तोंड बहुधा पहिल्या मिनिटानंतर उतरतं, म्हणून तर पहिली तीन वाक्यं पक्की हवीत.

आयत्या वेळचा विषय ‘खिडकी’ आला. काय बोलू?

खिडकीबद्दल सगळं नको. एकच विधान ठरवा: ‘खिडकी असलेल्या माणसाला दार उघडायचा कंटाळा येतो.’ मग त्याची एक बाजू, एक उदाहरण, एक उलट बाजू आणि परत विधानाकडे. दोन मिनिटांच्या तयारीतला दीड मिनिट त्या एका विधानावरच घालवा. ते सापडलं की बाकीचं चालत येतं.

भाषण एआयकडून लिहून घेतलं तर चालतं का?

नियम काय सांगतात ते पाहा. व्यवहारातली अडचण वेगळीच आहे: सगळे तोच प्रश्न विचारतात आणि सगळ्यांना तेच तीन मुद्दे मिळतात, आणि सातव्या स्पर्धकापर्यंत परीक्षकांचेही ते पाठ होतात. शिवाय ही साधनं न झालेले अभ्यास आणि न म्हटलेली वचनं बिनदिक्कत देतात. उलटा उपयोग करा. तुमचा मुद्दा द्या आणि त्यावर पाच आक्षेप मागा. उत्तरं मात्र तुम्ही लिहा.

सराव कसा आणि किती?

स्पर्धेआधी दोन आठवडे रोज वीस मिनिटं, एकदम चार तास नव्हे. आरशासमोर करू नका. माणूस स्वतःलाच न्याहाळत बसतो. फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्यांदा चित्र न पाहता नुसतं ऐका आणि ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘तर’ किती वेळा आलं ते मोजा. मग आवाज बंद करून नुसतं पाहा. दोघं जण असाल तर एकानं पाच मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्यानं त्याचं म्हणणं एका मिनिटात सांगून दाखवायचं. बोलणाऱ्यानं ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं म्हटल्याशिवाय खंडन सुरू करायचं नाही. निम्म्या वेळा पहिल्या झटक्यात ‘हो’ येत नाही.

निकालानंतर परीक्षकांशी बोलावं का?

जरूर, पण ‘माझा नंबर का नाही आला’ हा प्रश्न नको. ‘माझा कोणता मुद्दा तुम्हाला पटला नाही?’ असं विचारा. याचं उत्तर ते देऊ शकतात आणि देतातही.

पुण्यात चांगलं ऐकायला, वाचायला कुठं जावं?

उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरणारी वसंत व्याख्यानमाला चुकवू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये ती सुरू केली. सगळीच व्याख्यानं रंगतात असं नाही, पण न रंगलेल्या व्याख्यानाला वही घेऊन बसलं तर जास्त शिकायला मिळतं: श्रोते कोणत्या मिनिटाला चुळबुळायला लागले आणि त्याआधी वक्ता काय बोलत होता, ते टिपा. वाचनासाठी १८४८ मध्ये सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे, संदर्भासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. न्यायशास्त्रात गोडी लागलीच तर विधी महाविद्यालय रस्त्यावर १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. तिथं जाताना विषय नक्की करून जा.